एकशे पासष्ट अंश

सकाळी साडेनऊला व्यायामाच्या खोलीचं कुलूप काढायचं, खिडक्या उघडायच्या, सांधे शेकायच्या मेणाचं भांडं तापत ठेवायचं आणि मग पांढऱ्या कोटाच्या खिशातून कोनमापक काढून तो स्वच्छ फडक्याने पुसायचा, हा बाईंचा बावीस वर्षांचा शिरस्ता. कोनमापक म्हणजे दोन पट्ट्या आणि मध्ये अंश कोरलेली चकती. चकती सांध्यावर ठेवायची, एक पट्टी अंगाला, दुसरी हाताला, आणि हात किती वर गेला ते वाचायचं. सगळं रुग्णालय त्यांना मागे मोजपट्टीबाई म्हणे आणि तोंडावर नुसतं बाई.

"बाई, आज फार सुधारणा आहे बरं का!" अर्धांगवायूचे आजोबा रोज दारातूनच ओरडत. व्यायामातून लवकर सुटका व्हावी, एवढाच त्यात हेतू.

बाई पट्टी लावून म्हणत, "कालपेक्षा पाच अंश कमी झालेत, आजोबा."

"मग तुमचं ते यंत्र आजारी असेल. त्याला घ्या व्यायामाला."

बाई हसत, पण आकडा बदलत नसत. त्यांचं म्हणणं असं, की तोंड खोटं बोलतं, सांधा खोटं बोलत नाही. रुग्ण बरं वाटतंय म्हणाला म्हणून तो बरा झाला नाही आणि कण्हला म्हणून बिघडला नाही. बरं होणं म्हणजे आकडा वाढणं. यात चूक काही नव्हती. पण खरी गोष्टसुद्धा अर्धीच धरली की सुरीसारखी हात कापते, आणि बाईंचा हात कापला जायचा दिवस जवळ आला होता.

त्या रुग्णालयाची एक रीत इथे सांगायला हवी, आणि सांगताना लाज वाटते. पुरुषाचं हाड मोडलं की प्लास्टर घालून त्याला दोन दिवसांत घरी धाडत. घरी बायको असे, आई असे, त्याला सगळं हातात द्यायला माणसं असत. बाईचं हाड मोडलं की तिला मात्र हात कामाला लागेपर्यंत वॉर्डात ठेवत. डॉक्टरांना तिची जास्त दया येई म्हणून नव्हे. घरचेच सांगत, "काम होत नाही तोवर घरी नेऊन काय करायचं?" त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या बायकांच्या वॉर्डाला नोकरमाणसं आपसांत 'दुरुस्ती खातं' म्हणत आणि हसत. बादली उचलता आली, ओला टॉवेल पिळता आला, पीठ मळता आलं, की दुरुस्ती झाली.

ही दुरुस्ती झाली की नाही हे ठरवायला एक छापील पत्रक होतं. त्यात तीन रकाने. डॉक्टरांचं मत, मोजमाप आणि घरच्यांचं मत. पुरुष रुग्ण आपलं आपण सांगे आणि ते तिसऱ्या रकान्यात कसंबसं कोंबत. बाईच्या बाबतीत तिला आणणारा माणूस सांगे. जिचं हाड मोडलं तिचं म्हणणं कुठे लिहायचं, हे पत्रक छापणाऱ्याला सुचलं नव्हतं, आणि ते बावीस वर्षं भरणाऱ्या बाईंनाही सुचलं नव्हतं.

सात नंबरच्या खाटेवर एक शिवणकाम करणारी बाई होती. वॉर्डात तिला शिवणवाली म्हणत. तिशीची असेल. उजवा हात खांद्याजवळ मोडला होता. जिन्यावरून पडली, असं पत्रकावर लिहिलेलं. डावा हात मात्र कधी स्वस्थ नसे. चादरीची कड दुमडायची, बोटांनी दाबत पुढे न्यायची, पुन्हा उलगडायची, असा तिचा उद्योग चाले. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, व्यायाम सुरू झाला, आणि उजवा हात साठ अंशांवर येऊन थांबला तो थांबलाच.

साठ म्हणजे साठ. तीन आठवडे रोज साठ. बाईंना हेच खटकत होतं. खरा दुबळा हात एक दिवस पुढे जातो, दुसऱ्या दिवशी मागे येतो. शिवाय बाईंनी स्वतः धरून उचलला की तो अडखळत का होईना वर जाई. सांधा आखडलेला नव्हता. मग ही बया साठावर खुंटी मारून का बसली होती?

तिचा नवरा बेकरीवाला. रोज संध्याकाळी भेटायच्या वेळेला येई, येताना वॉर्डासाठी ताजे पाव आणी. मावशीला चार, नर्सला चार, शेजारच्या खाटांना दोन दोन. आवाज कसा लोण्यासारखा. "ताई, कशी आहे हो आमची मंडळी? तुम्ही होता म्हणून निभावलं," असं म्हणे. वॉर्डाला त्याचं कोण कौतुक! गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात ते असल्यांनाच. पण पाय दिसत नव्हते आणि पाव दिसत होते.

मंगळवारी हाडांचे मोठे डॉक्टर फेरीला आले. शिवणवालीच्या खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले आणि तिच्या डोक्यावरून नवऱ्याला म्हणाले, "काय म्हणते तब्येत?"

"तुमच्या कृपेने बरी आहे, साहेब. पण हात काही वर जात नाही. भट्टीवर मी एकटा, घरात आई म्हातारी. घर अडलंय हो सगळं."

डॉक्टरांनी पत्रक पाहिलं आणि बाईंकडे वळले. "तीन आठवडे साठ? काय बाई, हाताचं यश गेलं की काय तुमच्या?"

सगळे हसले. बाईही हसल्या, पण ते त्यांना लागलं. बावीस वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं.

दोनच दिवसांनी ती गोष्ट घडली. दुपारची वेळ. शिवणवाली भिंतीवरच्या लाकडी शिडीपाशी उभी होती. त्या शिडीवर बोटांनी एकेक पायरी चढत हात वर न्यायचा असतो. तिची बोटं नेहमीच्या पायरीवर थांबलेली. तेवढ्यात मावशीच्या हातून वजनांचा लोखंडी ट्रे निसटला आणि खोली दणाणली.

शिवणवालीचे दोन्ही हात एका क्षणात डोक्यावर गेले. कोपरं कानांवर, तळवे टाळूवर, गुडघे वाकलेले, तोंड भिंतीकडे. उजवा हात डाव्याइतकाच वर.

"मेले, हात गळाले की काय माझे!" करत मावशी वजनं गोळा करत होती. तिने काही पाहिलं नाही. बाईंनी पाहिलं. त्यांचा डोळा सवयीने उजव्या खांद्यावर गेला आणि तिथेच राहिला. हात किती वर गेला हे त्या डोळ्याला बरोबर दिसलं. कशासाठी वर गेला, ते दिसलं नाही.

मावशी बाहेर जाताच बाईंनी दार लोटलं.

"उचल हात."

"बाई..."

"तीन आठवडे मला खेळवतेस? माझी शोभा करतेस सगळ्यांसमोर? उचल!"

तिने उचलला. बाईंनी चकती लावली. एकशे पासष्ट. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते दुखण्याचं नव्हतं, एवढं बाईंनाही कळलं.

"लिहू नका, बाई. पाया पडते. बारा दिवस फक्त साठच लिहा."

"का?"

"माझी मैत्रीण येणारेय मला न्यायला. ती परगावी शिवणकेंद्र चालवते, तिथे राहायची सोय आहे. पण हातातलं काम संपल्याशिवाय तिला निघता येत नाही. बारा दिवसांनी ती येईल आणि मी इथूनच परस्पर जाईन. घरी गेले तर मला बाहेर पडू देणार नाहीत."

"कोण देणार नाही? तुझा नवरा? तो तर रोज..."

"पाव आणतो." ती ओठ न हलवता बोलल्यासारखी बोलली. "मी जिन्यावरून पडले नाही, बाई. आमच्या घराला जिनाच नाही. भट्टीतून ट्रे ओढायचं लांब दांड्याचं फावडं असतं ना, ते मारलं त्याने. पहिल्यांदा पाठीत, मग मी हात वर केला म्हणून हातावर. दोनदा मारूनही मोडला नाही. तिसरा फटका मारला तेव्हा मला आवाज आला हाडाचा."

"मग डॉक्टरांना सांगायचं नाही का?"

"ते मला कुठे विचारतात? ते त्यालाच विचारतात."

बाईंच्या मनात काय काय आलं. तिची दया आली. थोडी शंकाही आली, कारण हीच तर तीन आठवडे बेमालूम खोटं वागत होती. आणि सगळ्याच्या वर आला तो आपला मान. "मी आजवर खोटा आकडा लिहिलेला नाही," त्या म्हणाल्या. "पण तुझं म्हणणं मी डॉक्टरांच्या कानावर घालते. ते बघतील."

त्यांनी पत्रकात एकशे पासष्ट लिहिलं. डॉक्टरांच्या कानावरही घातलं, अगदी त्याच संध्याकाळी. डॉक्टर म्हणाले, "हे घरातले मामले, बाई. आपण हाड बघायचं. आणि तो माणूस? अहो, किती करतो तिचं! बायका रागात काहीही बोलतात." बाईंना बरं वाटलं. खोटं कशाला बोला, बरंच वाटलं. आपण सांगायचं ते सांगून मोकळे झालो, असं म्हणत त्या हात धुवायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी बेकरीवाला आला तेव्हा डॉक्टर वॉर्डातच होते. त्यांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली. "अभिनंदन! बायको ठणठणीत आहे तुमची. नाटक करत होती हो इतके दिवस. बाईंनी चोर पकडला!"

"असं?" बेकरीवाला म्हणाला, आणि हसलाही. फक्त त्याच्या हातातली पावांची पिशवी चेपत चेपत मुठीएवढी झाली. बाईंना ती दिसली आणि पाव वाया गेले, एवढंच त्यांच्या मनात आलं.

त्याची आई खाटेवरचं सामान बांधायलाही लागली होती. शिवणवाली खाटेची कड धरून बसली होती. "मी अजून चार दिवस राहते," असं ती म्हणाली, तर म्हातारी नर्सकडे बघून म्हणाली, "दुरुस्तीला टाकलं होतं, दुरुस्त झालं. आता न्यायचं नाही का?"

बेकरीवाल्याने पत्रकावर घरच्यांच्या मताखाली सही केली. मग बाईंपाशी येऊन नम्रपणे म्हणाला, "बाई, हा कागद मिळेल का? घरी व्यायाम करून घेईन म्हणतो."

आणि बाईंनी दिला. नुसता दिला नाही, त्यावर माणसाची आकृती काढून, हात कुठवर न्यायचा तिथे रेघ मारून, शेजारी ठळक एकशे पासष्ट लिहून दिला. "रोज इथपर्यंत जायला हवा," त्यांनी समजावलं. "हळूहळू एकशे ऐंशीपर्यंत न्या."

शिवणवाली दारातून जाताना एकदाच मागे वळली. तिचा डावा हात पदराच्या कडेच्या शिवणीशी चाळा करत होता.

नवव्या दिवशी सकाळी तिला परत आणलं.

बाई खालच्या मजल्यावर होत्या. मावशी धापा टाकत आली आणि म्हणाली, "बाई, तुमची शिवणवाली!" बाई जिने चढून गेल्या. खाटेवर जे होतं त्यातून ओळखीचा असा डावा हात तेवढा राहिला होता. एक डोळा सुजून बंद. खालचा ओठ दातांनी फाटलेला. कपाळावरचे केस मुठीने उपटलेले, तिथे रक्त वाळून काळं झालेलं. दोन्ही पोटऱ्यांवर बोटांच्या निळ्या खुणा, कुणीतरी धरून ठेवल्याच्या. आणि उजवा हात खांद्यातून निखळून मागे पडलेला, जुन्याच जागी हाड पुन्हा मोडलेलं. टोक कातडीतून बाहेर आलं होतं.

बाईंचा डोळा बावीस वर्षांचा होता. पडून असा हात मोडत नाही. हा हात कुणीतरी धरून वर नेला होता, वर गेल्यावरही थांबलं नव्हतं, आणि मागे नेला होता. किती अंश, तेही त्यांना सांगता आलं असतं.

शिवणवालीने बाईंना पाहिलं. फाटक्या ओठांतून शब्द नीट येत नव्हते, पण आले.

"कागद भिंतीला लावला होता त्याने," ती म्हणाली. "तुमचा. रोज मला त्याच्याखाली उभी करायचा. सासू पाय धरायची. म्हणायचा, नाटक करतेस काय, बाईंनी लिहिलंय एकशे पासष्ट, आज एकशे सत्तर करू. उद्या पंचाहत्तर. मी ओरडले की तोंडावर बुक्की. काल म्हणाला, आज ऐंशी." तिने डाव्या हाताने ओठावरचं रक्त पुसलं. "मी करत होते, बाई. जेवढा म्हणेल तेवढा वर करत होते. पण त्याला पुरत नव्हता."

आपल्या अक्षरातला तो आकडा बाईंना दिसत होता, ठळक, शेजारी मारलेल्या रेघेसकट.

तेवढ्यात डॉक्टर आले. मागे बेकरीवाला, त्याच्या मागे म्हातारी. आणि डॉक्टर, सवय बघा माणसाची, तिच्या डोक्यावरून त्याला म्हणाले, "अरे अरे, कसं झालं हे?"

"काय सांगू साहेब," बेकरीवाल्याचा गळा दाटून आला, "पुन्हा जिन्यावरून पडली."

"तुमच्या घराला जिना नाही," बाई म्हणाल्या.

बेकरीवाल्याने डॉक्टरांकडे पाहिलं.

"डॉक्टर, तिला विचारा. ती शुद्धीवर आहे. तिला तोंड आहे. तिला विचारा!"

"बाई, तुम्ही जरा..."

"मारलं त्याने," खाटेवरून आवाज आला. "लिहा. मारलं माझ्या नवऱ्याने. सासूने धरलं."

मग त्या गोगलगाईचे पाय बाहेर आले. बेकरीवाला दोन ढांगांत खाटेपाशी पोचला, त्याने तिच्या उरल्यासुरल्या केसांना हात घातला आणि डोकं उचलून खाटेच्या लोखंडी कडेवर आपटलं. "घरची लाज काढतेस? चार माणसांत?" दुसऱ्यांदा आपटण्याआधी बाई मध्ये पडल्या. डोकं आणि लोखंड यांच्यामध्ये त्यांनी आपला उजवा पंजा घातला. त्याने पुन्हा आपटलं. बाईंच्या दोन बोटांचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. त्यांनी हात काढला नाही. त्याने बाईंच्या तोंडावर उलटा हात मारला, चष्मा फुटून काच भुवईत घुसली, आणि रक्त डोळ्यांत उतरलं. तरी हात तिथेच.

डॉक्टर हातात पेन धरून उभे होते. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना अशा वेळी काय करतात ते ठाऊक नव्हतं, कारण अशी वेळ नेहमी दुसऱ्याच्या घरात येत असे.

ठाऊक होतं ते बायकांना. मावशीने फरशी पुसायच्या काठीचा पहिला दणका त्याच्या गुडघ्यावर घातला. पाच नंबरवरची बाई, मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टर, जिच्या पत्रकावर 'सुधारणा नाही' असं लिहिलं होतं, ती खाटेवरून उतरली आणि तिने तो प्लास्टरचा हात त्याच्या कानशिलात घातला. प्लास्टर हलकं नसतं. तो कोलमडला. मग आठ नंबर, मग अकरा. कुणी कुबडीने, कुणी पाण्याच्या तांब्याने. वॉर्डात ओरडा नव्हता, नुसते दणके ऐकू येत होते. त्याचं नाक फुटलं, दोन दात फरशीवर पडले. म्हातारी "अगं सोडा, मरेल तो!" म्हणून किंचाळली, तेव्हा अकरा नंबर तिला म्हणाली, "पाय धर की त्याचे. सवय आहे ना तुला?"

रखवालदारांनी त्याला सोडवलं, म्हणजे बायकांच्या तावडीतून सोडवलं, आणि पोलीस येईपर्यंत खोलीत कोंडलं. मायलेकांना पोलीस घेऊन गेले. जाताना तो बायकोकडे बघत नव्हता. डॉक्टरांकडे बघून सांगत होता, "साहेब, तुम्हाला तर माहितीये मी कसा आहे ते."

बाराव्या दिवशी, ठरल्याप्रमाणे, मैत्रीण आली. ती वेळेवर आली होती, तरी तीन दिवस उशीर झाला होता. तिने सात नंबरच्या खाटेपाशी स्टूल ओढलं आणि ती बसून राहिली.

बाईंच्या बोटांना सळया घातल्या. त्यांना तपासायच्या दिवशी सोबत त्यांचे थोरले बंधू आले होते. खुर्चीत बाई बसलेल्या, मागे दादा उभे. डॉक्टरांनी पत्रक पुढे ओढलं, मान वर केली आणि विचारलं, "काय दादा, बोटांना काही सुधारणा वाटते का यांच्या?"

दादा गोंधळले. "मला काय विचारता? बोटं तिची. आमच्या घरात मला तसंही कोण विचारतं?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी डाव्या हाताने ते पत्रक आपल्याकडे ओढलं आणि बराच वेळ बघितलं. बावीस वर्षं भरलेलं पत्रक त्या पहिल्यांदा खुर्चीच्या या बाजूने बघत होत्या.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "मी खरा आकडा लिहिला आणि त्या पोरीचा हात घालवला. तुम्ही खरं निदान केलंत आणि तिला त्याच्या हवाली केलंत. आपण दोघांनीही तिला विचारलं नाही. तिने न विचारता सांगितलं, तेही ऐकलं नाही. चौथा रकाना छापल्याशिवाय माझी सही आता एकाही पत्रकावर होणार नाही."

"बाई, पत्रक वरून छापून येतं."

"मग वर सांगा."

हात दाखवून अवलक्षण, असं लोक म्हणाले. नोकरी जाईल, असंही म्हणाले. बाई रोज साडेनऊला येत, डाव्या हाताने व्यायाम करून घेत, आकडे लिहीत, आणि सहीची जागा कोरी ठेवत. सहीशिवाय कुणाला घरी पाठवता येईना. घरचे लोक दारात ओरडू लागले. एकाने तर बाईंच्या अंगावर बादली फेकली. व्यवस्थापकांनी बोलावलं, दटावलं, समजावलं. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टर स्वतः व्यायामाच्या खोलीत आले, टेबलावरची पट्टी घेतली आणि कोऱ्या पत्रकावर एक उभी रेघ ओढली. वर त्यांनी आपल्या डॉक्टरी अक्षरात लिहिलं, 'रुग्णाचं म्हणणं'. मग म्हणाले, "कसं विचारायचं ते तुम्ही सांगा. मला सवय नाही."

"दार लावून," बाई म्हणाल्या. "आणणाऱ्याला बाहेर बसवून."

पहिल्या आठवड्यात अकरा जणींना विचारलं. त्यांतल्या सात जणी पत्रकाप्रमाणे जिन्यावरून पडलेल्या होत्या. त्या सातांतल्या चौघींच्या घराला जिना नव्हता.

चार महिने झाले. शिवणवाली आता मैत्रिणीकडे राहते आणि दर पंधरा दिवसांनी बसने तपासायला येते. खटला चालू आहे. बेकरीवाला जामिनावर सुटला, आणि न्यायालयात अजूनही जिन्याबद्दलच बोलतो. गेल्या खेपेला डॉक्टरांनी तिला शेवटचं तपासलं. बाईंच्या दोन बोटांना आता कोनमापक नीट धरता येत नाही, तो त्यांनी डाव्या हाताने लावला.

"उचल," त्या म्हणाल्या. आवाज हळू होता.

तिने उचलला. चाळीस.

"अजून?"

"नाही जात, बाई. या खेपेला खरंच नाही जात."

डॉक्टरांनी आपल्या रकान्यात लिहिलं, 'सुधारणा नाही, पुढे होण्याची आशा नाही.' बाईंनी चाळीस लिहिलं. लिहिताना पेन दोनदा थांबलं. घरच्यांचा रकाना कोरा सोडला. मग डॉक्टर बाहेर गेले, मैत्रीण बाहेर बसली, आणि बाई दार लावायला उठल्या. वाऱ्याने ते त्यांच्या हातातून सुटलं आणि धाडकन आपटलं. खिडकीच्या काचा थरथरल्या.

बाई दचकून वळल्या. शिवणवाली खुर्चीत होती तशीच बसली होती. उजवा हात मांडीवर होता, त्याला डोक्यापर्यंत जाताच येत नव्हतं. पण डावाही वर गेला नव्हता. तो चादर नसल्यामुळे स्वतःच्याच बाहीची कड दुमडत होता.

बाईंनी पेन उचललं. तोंड खोटं बोलतं म्हणून बावीस वर्षं जे विचारलं नव्हतं, ते त्यांनी विचारलं.

"तुला काय वाटतं? काही सुधारणा?"

शिवणवालीने दाराकडे पाहिलं, मग आपल्या डाव्या हाताकडे.

"आहे," ती म्हणाली. "लिहा."